विचारा तर खरं : व्हिडिओ माझा, बातमी त्यांची

पावसाळा लागला की ठाण्यात वंदना एसटी स्टँडपाशी पाणी साचतं आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन येतो. या वेळची बहुतेक पत्रं त्या फोनबद्दलच आहेत. बातमी आता कोण देतं, तिच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि मग पेपरवाल्यांनी करायचं काय, असा सगळ्यांचा रोख आहे. मी जन्मभर एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवर उपसंपादकी केली. तेव्हा माझी बाजू कुठली, हे वाचकांनी गृहीत धरलेलं दिसतंय. ते तितकंसं बरोबर नाही.

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, नौपाड्यात राहतो. सकाळी पेपर उघडला की सून म्हणते, ‘बाबा, हे सगळं काल रात्रीच ग्रुपवर आलंय.’ आणि खरोखरच आलेलं असतं. मग पेपर बंद करू का?

सूनबाईंचं खरं आहे. ‘काल काय घडलं’ हे सांगण्याचा पेपरांचा मक्ता संपला, आणि तो संपला याचं मला फारसं दुःखही नाही. २७ जुलै २०१९ ची सकाळ आठवा. आदल्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. चारी बाजूंनी पाणी. तिथवर कुठला बातमीदार पोचणार होता? गाडीच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशांनीच फोनवर चित्रण करून पाठवलं, आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते पाहिलं. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं.

पण त्याच सकाळचे आकडेही आठवा. कुणी म्हणालं सातशे प्रवासी, कुणी म्हणालं दोन हजार. शेवटी बाहेर काढलेले लोक भरले हजाराच्या थोडे वर. दारातल्या माणसाला पाणी दिसतं, गाडीत माणसं किती आहेत ते दिसत नाही. एवढ्या पावसात गाडी बदलापूरच्या पुढे सोडली कुणी आणि का, हे तर त्याला मुळीच दिसत नाही. त्यासाठी रेल्वेला विचारावं लागतं, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं लागतं, आणि महिन्याभराने सगळे विसरले की तिसऱ्यांदा. ते काम पेपरचं.

तुमचा पेपर ते करतो का, हे तुम्हीच तपासा. आठवडाभर हातात पेन्सिल घेऊन बसा. जी बातमी ग्रुपवर आली नव्हती आणि जिचा ठाण्याशी संबंध आहे, तिच्यावर खूण करा. महापालिकेच्या एखाद्या ठरावाची, शाळेच्या इमारतीची, पाण्याच्या वेळापत्रकाची, काहीही असो. खुणा झाल्या तर पेपर चालू ठेवा. नाही झाल्या तर खुशाल बंद करा. मात्र बंद करताना संपादकांना दोन ओळी लिहून कारण कळवा. अंक बंद करणाऱ्या माणसाचं पत्र तिथे फार बारकाईने वाचलं जातं. तुम्ही देता त्या चार-पाच रुपयांत कागद आणि छपाईसुद्धा निघत नाही, खर्च जाहिरातींवर भागतो. पण ‘एवढे लोक वाचतात’ असं जाहिरातदाराला सांगायला तुम्ही लागताच.

मी वाघबीळला राहते. आमच्या मागे खाडीच्या बाजूला रात्री डंपर येऊन राडारोडा टाकून जातात. खारफुटी मरतेय. मी गॅलरीतून व्हिडिओ काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी एका पेपरच्या वेबसाइटवर तोच व्हिडिओ, खाली ‘सोशल मीडिया’ एवढंच. माझं नाव नाही, मला कुणी फोन केला नाही, आणि बातमीत गावाचं नावही चुकलेलं. डंपर अजून येतातच. मी काय करू? मी स्वतःला पत्रकार म्हणवून घेऊ शकते का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सोपा आहे. बोलण्याचं, लिहिण्याचं, प्रसिद्ध करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये आहे आणि ते ‘नागरिकांना’ आहे. पत्रकारांसाठी वेगळं कलम नाही. घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की एका नागरिकाला नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला असत नाही. संपादकही लिहितो तो नागरिक म्हणूनच. तेव्हा गॅलरीत उभं राहून समोर घडतंय ते टिपायला तुम्हाला कुणाचं कार्ड नको. पत्रकार म्हणवून घ्या नाहीतर न घ्या, काम तेच आहे.

आता व्हिडिओ. तो तुमचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ज्याने टिपला त्याचा तो, ग्रुपवर टाकला म्हणून सार्वजनिक मालमत्ता होत नाही. चालू घडामोडीच्या वार्तांकनासाठी मर्यादित वापराची मुभा कायदा देतो, हेही खरं. पण ‘सोशल मीडिया’ नावाची बाई वाघबीळला राहत नाही. संपादकांना ईमेल करा. त्यात सांगा, नाव द्या किंवा व्हिडिओ वेबसाइटवरून हटवा, आणि गावाचं नाव आधी दुरुस्त करा. सहसा दुरुस्ती होते. माझ्या मते तुमचा मोठा तोटा नाव न छापण्यात नाहीच, फोन न करण्यात आहे. एक फोन केला असता तर गाव चुकलं नसतं, आणि डंपर कोणत्या वेळेला येतात, कुठून वळतात, हेही कळलं असतं. तीच खरी बातमी होती.

डंपरचं म्हणाल तर त्या व्हिडिओचा पुरावा करा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. ग्रुपवर गेलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातली वेळ-तारखेची नोंद बहुधा गळून पडते. पुढच्या वेळी चित्रण सुरू करताना आधी काहीतरी न हलणारं दाखवा, विजेच्या खांबाचा नंबर, पाटी, इमारतीचं नाव. मग कॅमेरा हळू फिरवत डंपरवर आणा, मध्ये कट नको. नंबरप्लेट दिसली तर उत्तम, पण त्यासाठी खाली उतरू नका. रात्रीच्या डंपरवाल्यांशी वाद घालायला एकटीने जाणं हे धाडस नाही, वेडेपणा आहे.

मग तक्रार. खारफुटी तोडणं, बुजवणं हे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही भराव चालत नाही. तक्रार तीन ठिकाणी करा: माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती, तहसीलदार, आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष. खारफुटीवर देखरेख ठेवणारी समिती कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली आहे, म्हणजे बेलापूरचं कोकण भवन. एक प्रत तिकडे. पोच घ्यायला विसरू नका. महिन्याभरात काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, ‘अमुक तारखेच्या माझ्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली?’ १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ते उत्तर हातात घेऊन पेपरच्या ऑफिसात गेलात तर तुमची बातमी कुणी ‘सोशल मीडिया’ म्हणून छापणार नाही.

हे सगळं करून काय होतं, असं वाटत असेल तर खाडीच्या पलीकडे बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात सीवूड्सच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो मरायला लागले. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी आणि पक्षीप्रेमींनी फोटो काढले. पण ते ‘अरेरे’ म्हणून थांबले नाहीत. तलाव कोरडा का पडला, भरतीचं पाणी आत येण्याचा मार्ग कुठे बुजला, हे ते विचारत राहिले. त्यांनी माहिती मिळवली, पत्रं लिहिली, आणि वर्तमानपत्रांनीही तो विषय धरून ठेवला. सरकारला समिती नेमावी लागली, आणि २०२५ मध्ये त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी मिळाली. नुसते फोटो असते तर चार दिवस हळहळ झाली असती. नुसता पेपर असता तर मुळात कळलंच नसतं, कारण सकाळी सहाला तलावावर बातमीदार नसतो.

मॅडम, मी ऐरोलीत राहतो, मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं नवी मुंबईच्या बातम्यांचं इन्स्टाग्राम पेज आहे. फॉलोअर्स बरे आहेत. मित्र म्हणतात, बाइकवर ‘प्रेस’ लाव, कार्ड बनवून घे. एक हॉटेलवाला रीलसाठी पैसे देतोय. पोलीस शूटिंग करू देत नाहीत. मार्गदर्शन करा.

अरे बाबा, ‘प्रेस’ लावू नकोस. ठाण्या-मुंबईत जितक्या गाड्यांवर ते लिहिलंय तितके पत्रकार अख्ख्या राज्यात नसतील. त्यात इस्त्रीवालेही धरलेत की काय कोण जाणे. पैसे घेऊन मिळणाऱ्या कार्डाने तर काहीच मिळत नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, पण तो नोंदणीकृत वृत्तपत्र, वृत्तवाहिनी अशा संस्थेशी जोडलेल्यांपुरता आहे. तुझ्यासारख्या एकट्याला त्याचं छत्र मिळणं कठीण. हे चुकीचं आहे असं माझं मत आहे, कारण आजकाल मार खाणाऱ्यांत एकटेच जास्त असतात. पण सध्या आहे ते असं आहे, हे ध्यानात ठेवून वाग.

शूटिंगचं म्हणशील तर पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्याखालचं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. याचा अर्थ तिथे जाऊन हुज्जत घालावी असा नाही. कामात अडथळा आणल्याचा गुन्हा वेगळा असतो आणि तो पटकन लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत एकदम कडक राहा. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणात मुलाचं नाव, चेहरा, शाळा, इमारत, ओळख पटेल असं काहीही दाखवणं गुन्हा आहे. चेहरा धूसर केला आणि गल्लीची पाटी ठेवली तर ओळख पटलीच. बलात्काराच्या प्रकरणातही पीडितेच्या ओळखीबाबत हाच नियम.

हॉटेलवाल्याकडून पैसे जरूर घे, पोट सगळ्यांना आहे. फक्त त्या रीलवर ठळक ‘जाहिरात’ लिही. त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरावर उद्या अन्न व औषध प्रशासनाची धाड पडली तर तीही तितक्याच ठळकपणे दाखवशील का, हे पैसे घेण्यापूर्वी स्वतःला विचार. मोठमोठ्या दैनिकांनी हा प्रश्न विचारला नाही, आणि निवडणुकीच्या काळात पेड न्यूजच्या, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या, रूपाने त्याची फळं आपण खाल्ली.

कळव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा मेसेज आला. एका सदस्याने सोबत व्हिडिओही टाकला. मी काढायला सांगितलं तर ‘लोकांना सावध करायचं नाही का?’ म्हणून मलाच झापलं. माझ्यावर केस होऊ शकते का?

२०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने म्हटलंय, की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्याचा त्यात हात किंवा संगनमत असावं लागतं. तेव्हा केसची भीती सोडा. मेसेज मात्र काढाच.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारे समजून. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला तेच झालं, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. मेसेज टाकणाऱ्या तुमच्या त्या सदस्याच्या मनात वाईट काही नसेल. राईनपाड्याचे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतही बहुतेकांच्या मनात नव्हतं.

‘सावध करायचं नाही का’ याला उत्तर एकच: करू या, आधी कळव्याच्या पोलीस ठाण्यात फोन करतो. फोन करा, काय उत्तर आलं ते ग्रुपवर लिहा, फोन कधी केला ते लिहा. आणि व्हिडिओ नीट बघा. आमच्या डेस्कवर फोटो यायचा तेव्हा माणसाचा चेहरा आम्ही शेवटी बघायचो. आधी दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, रिक्षाची नंबरप्लेट कुठली, लोकांच्या अंगावर स्वेटर आहेत की छत्र्या. दर पावसाळ्यात ‘आत्ताचं घोडबंदर’ म्हणून एक व्हिडिओ फिरतो. मानपाड्याचा रस्ता आणि मध्ये मेट्रोचा एकही खांब नाही! ते खांब उभे राहून किती पावसाळे झाले, हे तिथून रोज जाणाऱ्यालाही आठवत नाही, कारण तो मान खाली घालून फॉरवर्ड करत असतो.

मी निवृत्त शिक्षक, पनवेल. नागरिक पत्रकारिता ही पाश्चात्त्यांची नवी टूम आहे, असं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका वक्त्याने सांगितलं. खरं का?

सर, १८४८ मध्ये सरकारी नोकरीतला एक पंचविशीतला तरुण भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रं लिहू लागला. तो संपादक नव्हता, बातमीदारही नव्हता. तीच लोकहितवादींची शतपत्रं. मराठी वृत्तपत्रं पहिल्यापासून वाचकांच्या पत्रांवर पोसलेली आहेत. ठाण्याहून १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ निघालं तेव्हा त्याच्या दिमतीला पगारी बातमीदारांची फौज नव्हती. परदेशातलं उदाहरण हवंच असेल तर दक्षिण कोरियाचं ‘ओमायन्यूज’ हे बातम्यांचं संकेतस्थळ घ्या. २००० साली ७२७ नागरिक वार्ताहरांना घेऊन ते सुरू झालं, ‘प्रत्येक नागरिक वार्ताहर आहे’ हे त्याचं ब्रीद. वक्त्यांनी बहुधा एवढंच वाचलं असावं. तिथेही पगारी संपादक आलेला मजकूर तपासून मगच लावत होते, हे पुढच्या पानावर असतं.

नाव छापू नका. मी ठाण्यातल्या एका दैनिकात बातमीदार आहे. पूर्वी महापालिका बीट होतं, म्हणजे तिथल्या बातम्या माझ्याकडे असायच्या. आता दिवसभर डेस्कवर बसून व्हायरल व्हिडिओंच्या बातम्या करतो. ‘त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे का नाही?’ असा दर तासाला फोन. तालुक्याच्या वार्ताहरांना जाहिराती आणायला लावलंय. मग आम्ही उरलो कशाला?

तुमच्या पत्राने मला जरा राग आला, तुमच्यावर नव्हे. पेपरांना नागरिकांनी हरवलं असं सगळे म्हणतात. मला तसं दिसत नाही. घरं, लग्नं, शिकवण्या यांच्या छोट्या जाहिराती फोनवर गेल्या, उत्पन्न घटलं, हे खरं. पण मग कात्री कुठे लागली? प्रभाग समितीच्या बैठकीला जाणारा माणूस काढला. कोर्टात बसणारा काढला. सिव्हिल हॉस्पिटलला रात्री चक्कर मारणारा काढला. ज्या जागा आपण रिकाम्या केल्या तिथे कुणीतरी फोन घेऊन उभं राहणारच होतं. आणि आता त्याचेच व्हिडिओ उचलून, त्यावर ‘थरार’ आणि ‘पाहा’ लावून आपण त्याच्याशी स्पर्धा करतोय. तीही एक दिवस उशिरा. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात मुंबई-ठाण्यात छापील अंक निघालेच नाहीत तेव्हा लोकांना कळलं, की त्यांच्यावाचून सकाळ होते. हे मालकांना कळलं, संपादकांना कळलं, आणि त्यांनी काढलेला निष्कर्ष म्हणजे तुमचं सध्याचं काम.

रात्री दहाचं डेस्क मला अजून चांगलं आठवतं. अपघाताची बातमी यायची. मृताचं वय पोलीस ठाण्याने ३२ सांगितलेलं, हॉस्पिटलने २३. पान सोडायला वेळ नाही. तरी तिसरा फोन व्हायचा, कारण उद्या सकाळी ती बातमी त्याच्या घरी वाचली जाणार असायची. एवढ्याशा आकड्यासाठी धडपडणारे लोक हीच पेपरची मिळकत होती. ती छत्तीसगडच्या ‘सीजीनेट स्वर’ या फोनवर चालणाऱ्या बातमीसेवेला कळली. तिथे २०१० पासून खेड्यातली माणसं साध्या फोनवर आपली तक्रार बोलून नोंदवतात. ती ऐकून तपासणारी माणसं आहेत, आणि तक्रारीसोबत संबंधित अधिकाऱ्याचा नंबर दिला जातो, म्हणजे ऐकणारेही त्याला फोन करू शकतात. यंत्र काही भारी नाही, साधा फोन. तपासणं आणि पाठपुरावा सोडलेला नाही, इतकंच.

तुम्ही उद्या काय करायचं, तर संपादकांकडे आठवड्यातला एकच दिवस मागा. त्या दिवशी नवा व्हिडिओ करायचा नाही. मागच्या पावसाळ्यात गाजलेला एखादा ठाण्याचा व्हिडिओ शोधून काढायचा. खचलेली भिंत, उघडं गटार, जे असेल ते. ज्याने तो टिपला त्याला शोधायचं, फोन करायचा, जागेवर जायचं, आणि प्रभाग समितीत जाऊन त्या कामाची फाइल कुठे आहे ते विचारायचं. बातमीवर त्या नागरिकाचं नाव तुमच्या नावाशेजारी द्यायचं, त्याची परवानगी असेल तर. खर्च रिक्षाभाड्याचा.

एका दिवसालाही संपादक नाही म्हणाले तर पेपरचं नाव मला कळवा, छापणार नाही. ठाण्यातल्या संपादकांपैकी दोघेतिघे माझ्या हाताखालून शिकून गेलेत. त्यांच्यातले कुणी असले तर फोन मी करते.